प्लेटची डावी कड

४ मार्च, सोमवार

मुख्याध्यापिकाबाईंचं म्हणणं असं की नवीन प्रयोग करायचा तर त्याची लेखी नोंद हवी. ती नोंद त्यांच्या फायलीत जाईल, तक्ते वगैरे लावून, नीटनेटकी. ही वही माझी आहे. हिच्यात मी मनसोक्त चिडणार आहे.

पहिला राग माझ्याच बेसबॉल संघावर. अख्ख्या पश्चिम कॅन्ससात ब्रँडल हायस्कूलच्या पोरांइतकी उतावळी पोरं सापडायची नाहीत. बॉल दिसला की बॅट फिरलीच. मग तो डोक्यावरून जाणारा असो की बुटाशी आपटणारा. बॅट्समनच्या पायाशी जमिनीत बसवलेल्या प्लेटच्या वर गुडघ्यापासून छातीपर्यंत हवेत एक खिडकी असते. तिच्यातून येणारा बॉल मारायचा आणि बाहेरून जाणारा सोडायचा, एवढी साधी गोष्ट. असे चार वाईट बॉल सोडले की पहिल्या बेसवर आरामात चालत जायला मिळतं. फुकट मिळणारी गोष्ट नको म्हणणारी माणसं मी फक्त याच शाळेत पाहिली. गेल्या मोसमात अठरा मॅच, चार विजय.

म्हणून यंदा मी त्यांचा संयम मोजणार आहे. कोण किती वाईट बॉलांमागे धावतो आणि कोण किती चांगले सोडून देतो, प्रत्येकाचं वेगळं पान. मी शाळेकडे कॅमेरा मागितला. फुटबॉलवाल्यांना नवा गुणफलक मिळाला आणि मला एक क्लिपबोर्ड.

तर क्लिपबोर्ड. आमचा बाक मैदानाच्या बाजूला आहे. तिथून बॉल उंच की खाली ते कळतं, पण प्लेटच्या आत की बाहेर ते कळत नाही. त्यावर मी नियम काढला: बॅट फिरवली तर माझा अंदाज, बॉल सोडला तर अंपायरचा शब्द. अंपायर स्ट्राइक (असे तीन झाले की बाद) म्हणाला तर बॉल खिडकीतून गेला, विषय संपला. स्कोअर लिहिणारी मेरिडिथ अकरावीत आहे आणि तिची जीभ तिच्या पेन्सिलीहून टोकदार आहे. नियम ऐकून ती म्हणाली, "म्हणजे अर्धं पान तुमचं आणि अर्धं अंपायरचं. आमच्या पोरांचं काय त्यात?"

मी म्हटलं, "तू नुसत्या खुणा कर."

हा सगळा खटाटोप खरं तर एका मुलासाठी आहे. ओबेद मोंतेस, बारावी, संघातला एकुलता एक डावखुरा. त्याचे आईवडील दोघंही मांसाच्या कारखान्यात पाळीवर असतात, एकही मॅच बघायला येऊ शकत नाहीत. या पोराची नजर मी मागची तीन वर्षं बघतोय. वाईट बॉलकडे तो ढुंकूनही पाहत नाही. दोनशे मैलांवरच्या एका ज्युनिअर कॉलेजचे कोच मला फोनवर म्हणाले, "ताकदवान पोरं पैशाला पासरी आहेत. मला बॉल ओळखणारा हवाय. एक जागा आहे. एप्रिल संपायच्या आत त्याची पानं पाठव, मग बोलू." ती जागा मिळाली तर ओबेद कॉलेजात. नाही मिळाली तर जूनपासून तोही कारखान्यात.

१० मार्च, रविवार

बाबांकडे शेतावर जेवलो. आई गेल्यापासून रविवार माझाच असतो. त्यांनी बीरॉक केले होते, कोबी आणि खिमा भरलेले पाव, आईच्या हातचे व्हायचे त्याच्या निम्मे बरे.

एल्डन वासिंगर, माझे वडील, एकतीस वर्षं या भागातले अंपायर. आमच्या घरात मार्च ते मे बेसबॉलबद्दल एक शब्द बोलायचा नाही, हा त्यांचा कायदा. अंपायरने कुणाच्या कानाशी लागू नये आणि कुणाला कानाशी लागू देऊ नये. मी कोच झालो तेव्हा वाटलं होतं कायदा जरा सैल होईल. उलट आणखी आवळला.

आज मात्र त्यांना बोलावंच लागलं. यंदा दोन अंपायरांनी काम सोडलं. पालकांच्या शिव्या कोण खाणार? आता आमच्या घरच्या मॅचना बाबांशिवाय माणूस नाही. मुलगा कोच आणि बाप अंपायर, म्हणून दोन्ही शाळांच्या कोचांनी सही करून मान्यता द्यायची. समोरच्या सगळ्या कोचांनी डोळे मिटून सह्या केल्या. एल्डन वासिंगर मुलाला झुकतं माप देईल असं या जिल्ह्यात कुणी म्हणणार नाही. कारण सगळ्यांना १९९८ आठवतं.

मलाही आठवतं. जिल्ह्याची अंतिम मॅच, शेवटची खेळी, तिसऱ्या बेसवर आमचा माणूस, बॅट माझ्या हातात. ठरलेल्या अंपायरची गाडी वाटेत बंद पडली होती म्हणून प्लेटमागे बाबा उभे होते. शेवटचा बॉल बाहेर होता, चांगला दोन बॉलांइतका. मी सोडला. बाबांनी हात वर केला, स्ट्राइक तीन, मी बाद, मॅच गेली. घरी येताना गाडीत मी विचारलं तर म्हणाले, "कडेवर होता." बस. एकवीस वर्षांत त्यावर तिसरा शब्द नाही.

मी सही केली. त्यांनी कागद घेताना कॉफीचा मग डाव्या कोपराने पाडला आणि वर माझ्यावरच खेकसले, "कुठं ठेवतोस!" तिथे ठेवला होता तो त्यांनीच.

पिकअपचा डावीकडचा आरसाही तुटलाय. म्हणे फाटकाचा खांब सरकलाय. तो खांब माझ्या जन्माआधीपासून तिथेच आहे. कुत्रं मरून वर्ष झालं, तरी त्याच्या औषधाची बारकी बाटली खिडकीत तशीच. टाकू का विचारलं तर म्हणाले, "हात लावू नकोस." म्हातारपणी माणूस हट्टी होतो म्हणतात. हे तरुणपणीच झाले होते.

१९ मार्च, मंगळवार

घरची पहिली मॅच. वारा असा की धुळीने दात कुरकुरत होते. हरलो, अकरा-तीन.

पानं घरी आणून मोजली. आमच्या पोरांनी खिडकीबाहेरच्या दर दहा बॉलांपैकी सहांवर बॅट फिरवली. पिचरला बॉल टाकायचीही गरज नव्हती, नुसता हात दाखवला असता तरी ही पोरं फिरली असती.

ओबेद एकाही वाईट बॉलमागे गेला नाही. पण त्याने सोडलेल्या तेरा बॉलांपैकी सात स्ट्राइक. म्हणजे चांगले बॉल सोडतोय. दोनदा नुसता उभा राहून बाद झाला. कॉलेजवाल्यांनी हे पान पाहिलं तर म्हणतील, पोरगं ओळखत बिळखत काही नाही, घाबरतंय.

बाकावर येऊन बसला तेव्हा मी विचारलं, "काय झालं?"

"कोच, बाहेर होता तो."

"अंपायर काय म्हणाले?"

"स्ट्राइक."

"मग?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग हेल्मेट काढून बाकाखाली ठेवलं. "मग स्ट्राइक."

मेरिडिथने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ती गप्प बसते तेव्हा मला जास्त भीती वाटते.

२२ मार्च, शुक्रवार

चर्चच्या हॉलमध्ये ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतलं, मांस वर्ज्य म्हणून माशांचं जेवण. अख्खं गाव होतं. लांब टेबलावर मी बाबांच्या डाव्या हाताला जाऊन बसलो. दहा मिनिटं माझ्याशी एक शब्द नाही. मीठ मागितलं तेव्हा दचकून मान अख्खी वळवली आणि म्हणाले, "तू कधी आलास?"

पहिल्याच मॅचनंतर चारचौघांत मुलाशी बोलताना दिसू नये, एवढाच त्यातला अर्थ. माणसाने किती सोवळं पाळावं! मी मासा अर्धा टाकून उठलो.

२ एप्रिल, मंगळवार

घरच्या चार मॅच झाल्या. इतर पोरं सुधारताहेत हे कबूल करायला हवं. भिंतीवर पानं लावल्यापासून एकमेकांना चिडवतात. "तुझ्या पानावर इतक्या फुल्या, स्मशान आहे का?" दहातले सहा होते ते आता चारावर आले. मुख्याध्यापिकाबाईंच्या फायलीत हे छान दिसेल.

आणि ज्याच्यासाठी केलं तो खड्ड्यात. ओबेदने आजवर सोडलेले बॉल एकाहत्तर, त्यातले चौतीस स्ट्राइक. संघात सगळ्यात वाईट आकडा. बाहेरगावच्या तीन मॅचमध्ये मात्र त्याचं पान लख्ख आहे. म्हणजे घरच्या मैदानावर त्याला काहीतरी होतंय. दडपण असेल. माझंच असेल.

आज सरावानंतर त्याला थांबवलं. म्हटलं, "हे बघ, अंपायर बाहेरची कड देतोय. देतोय तर देतोय. त्यांच्याशी भांडता येत नाही. तू तो बॉल मारायला शीक."

"तो मारायला बॅट पुरत नाही, कोच. दोन बॉलांइतका लांब असतो."

"दोन बॉल! ओबेद, एल्डन वासिंगर एकतीस वर्षं प्लेटमागे उभे आहेत. त्यांना दोन बॉलांचा फरक कळत नाही असं म्हणतोस तू?"

तो जमिनीकडे बघत राहिला. "मी काहीच म्हणत नाही."

"मग मार."

"बरं."

हे बोलताना माझा आवाज चढला होता. नंतर गाडीत बसल्यावर कळलं की 'दोन बॉल बाहेर' हे तर मीच एकवीस वर्षं म्हणतोय, आणि मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं. म्हणून मी त्या पोरावर ओरडलो. हे लिहून बरं वाटत नाहीये, पण लिहिलं.

७ एप्रिल, रविवार

चर्चमध्ये शेजाऱ्याशी शांतीचा हात मिळवायची वेळ आली. बाबांच्या डावीकडे म्हातारे हर्शबर्गर हात पुढे करून उभे, आणि बाबा सरळ समोर बघताहेत. हर्शबर्गरांचा नातू गुरुवारी बाबांनी बाद दिला होता. शेवटी बिचाऱ्यांनी हात खिशात घातला. देवाच्या दारातही अंपायरगिरी! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शेतावर जेवायला गेलो नाही. डोकं दुखतंय म्हणून कळवलं.

९ एप्रिल, मंगळवार

ओबेदने माझं ऐकलं. त्याचा परिणाम: पाच वेळा बॅटिंगला आला, चार वेळा बाद. लांबच्या बॉलला हात ताणताणून बॅट मारतोय, नाहीतर हवेत फिरवतोय. सातव्या खेळीत तर बुटाशी पडलेल्या बॉलवर फिरवली. हा पोरगा! तीन वर्षांत त्याने असं एकदाही केलं नव्हतं.

मेरिडिथने खूण केली आणि क्लिपबोर्ड माझ्याकडे सरकवला. "अभिनंदन कोच. आता तो बाकीच्यांसारखा झाला."

"तुला काही सांगायचंय का?"

"मला काय कळतं? मी नुसत्या खुणा करते. पण तुम्ही जीवशास्त्र शिकवता ना? मोजपट्टीच चुकीची असेल तर काय करायचं, ते आम्हाला नववीत शिकवलं होतंत."

"मोजपट्टी काय, अंपायर?"

ती शेंगदाणे सोलत बसली.

मला राग आला, पण तिचं म्हणणं रात्रभर कुसळासारखं टोचत राहिलं. बरोबर आहे. मोजपट्टी तपासायला हवी. मात्र मला जे सापडेल असं वाटतंय ते मला आवडणार नाही. बाबा मुद्दाम करताहेत. मुलाला झुकतं माप दिलं असं कुणी म्हणू नये म्हणून माझ्या सगळ्यात चांगल्या पोराला कापताहेत. ९८ सालीही हेच केलं. तेव्हा तो पोरगा मी होतो.

१२ एप्रिल, शुक्रवार

माझा जुना फोन मैदानाच्या टोकाच्या कुंपणाला, प्लेटच्या बरोबर समोर, गवताचे भारे बांधायच्या नारिंगी सुतळीने बांधला. तिथून प्लेटची आत-बाहेरची बाजू नीट दिसते. पाहुण्या कोचला सांगितलं, हरकत नाही म्हणाला.

अडीच तासांचं चित्रण. त्यातली पहिली सहा मिनिटं बेसबॉल. मग वाऱ्याने फोन वळला आणि उरलेला सगळा वेळ पलीकडच्या कुरणातली गाय. गायीचा संयम मात्र वाखाणण्यासारखा आहे.

१६ एप्रिल, मंगळवार

लागोपाठ दोन मॅच. फोनला तीन बाजूंनी सुतळी आणि खाली वीट.

पहिल्या मॅचमध्ये ओबेदने माझं ऐकायचं सोडलं. पुन्हा पूर्वीसारखा उभा राहिला, लांबचे सगळे बॉल सोडले आणि तीनदा नुसता उभा राहून बाद झाला. तिसऱ्यांदा परत येताना मी विचारलं, "काय ठरलं होतं आपलं?"

तो म्हणाला, "मला ते जमत नाही. वाईट बॉल मारला की मला माझीच लाज वाटते."

मी त्याला दुसऱ्या मॅचला बाकावर बसवलं. सगळ्या संघासमोर. तो टोपी डोळ्यांवर ओढून बसला आणि बाकीच्यांच्या पानांवर मेरिडिथला खुणा करायला मदत करत राहिला.

१८ एप्रिल, गुरुवार

शाळा सुटल्यावर वर्गात टीव्ही लावला. जुन्या प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटांचा गठ्ठा कपाटात पडून होता. एक शीट टीव्हीच्या काचेवर चिकटवली, प्लेटच्या वरची खिडकी आखली आणि एकेका बॉलला चित्र थांबवून ठिपका दिला. अंपायर बरोबर तर निळा, चूक तर लाल. मेरिडिथ रिमोटवर.

ओबेदने पहिल्या मॅचमध्ये सतरा बॉल सोडले. बाबांनी नऊ स्ट्राइक दिले. त्यातले सहा बाहेर होते. दोन बॉलांइतके बाहेर, काही त्याहूनही. त्याने सोडलेला एकही बॉल मारण्यासारखा नव्हता असं नाही, तीन होते. पण सहा!

मी खुर्ची ढकलून उठलो. म्हटलं, "बघितलंस? मुद्दाम! स्वतःचं नाव स्वच्छ राहावं म्हणून पोराचं आयुष्य..." आणखीही बरंच बोललो, ते वहीतसुद्धा नको.

मेरिडिथने मला बोलू दिलं. मग म्हणाली, "त्यांच्याकडे दोन डावखुरे होते. तेही बघू."

बघितलं. पाहुण्यांच्या डावखुऱ्यांनाही तेच. त्याच कडेला पाच लाल ठिपके. उजवे बॅट्समन आमचे काय, त्यांचे काय, जवळजवळ सगळे निळे.

म्हणजे माझ्यावर राग नाही. मग काय, बाबांना डावखुऱ्या लोकांचं वावडं आहे? मला काही सुधरेना. सगळे लाल ठिपके टीव्हीच्या उजव्या कडेला, गारपीट झाल्यासारखे एकाच जागी.

"कोच," मेरिडिथ हळू आवाजात म्हणाली. तिचा हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. "आम्हाला वाटत होतं तुम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

तिने दप्तर उचललं. "उद्या गुड फ्रायडे आहे. मला घरी जायला हवं."

२० एप्रिल, शनिवार

दुपारी एकटाच मैदानावर गेलो, शीट घेऊन. का गेलो ते सांगता येणार नाही. प्लेटमागे बाबा उभे राहतात तिथे वाकून उभा राहिलो आणि शीट समोर धरली. लाल ठिपके उजवीकडे. पण हे तर समोरून घेतलेलं चित्र. इथून ते तसं दिसणार नाही.

शीट उलटी केली. सगळे ठिपके डावीकडे गेले.

डावखुरा खेळत असला की अंपायर, पुढ्यात बसून बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या उजव्या खांद्यावरून बघतो. प्लेटची डावी कड त्याच्यापासून सगळ्यात लांब, सगळ्यात डावीकडे.

डावा कोपर आणि कॉफीचा मग. पिकअपचा डावा आरसा. हर्शबर्गरांचा हात. आणि जेवणाच्या टेबलावर, डाव्या बाजूला, दहा मिनिटं बसलेला मी. तू कधी आलास?

कुत्र्याचं औषध! मूर्ख, मूर्ख, मूर्ख. एका आंधळ्या माणसाची मोजपट्टी करून मी पोरं मोजत होतो, आणि दोघांत जास्त आंधळा मी.

प्लेटवर बसलो आणि रडलो. धूळ होती म्हणून लिहिणार होतो, पण वारा पडला होता.

२१ एप्रिल, ईस्टर

जेवण झाल्यावर शीट टेबलावर ठेवली. बाबांच्या उजव्या हाताला बसलो होतो, ठरवून.

"मार्च ते मे..." त्यांनी सुरुवात केली.

"आज कायदा राहू दे, बाबा."

त्यांनी मान फिरवून, थोडी तिरकी करून, शीट बघितली. ठिपके म्हणजे काय ते विचारलंसुद्धा नाही.

"कुणाचं पान आहे?"

"तुमचं."

भिंतीवरचं घड्याळ आईने लावलं होतं, ते फार मोठ्याने चालतं. मग ते म्हणाले, "नोव्हेंबरात हेज गावी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो होतो. डोळ्यातला दाब वाढलाय म्हणाला. थेंब दिलेत, ती खिडकीतली बाटली. गेलेलं परत येत नाही, आहे ते टिकवायचं. डाव्या बाजूला धुकं असतं."

"आणि तरी उभे राहिलात?"

"दुसरं होतं कोण? मी नाही म्हटलं असतं तर आठ शाळांबरोबरच्या मॅच रद्द झाल्या असत्या. आणि..." त्यांनी ओठ पुसले. "आणि मी घरी बसून काय करू, नील? हे घड्याळ ऐकू?"

मी शीटवरच्या लाल ठिपक्यांवर बोट ठेवलं.

"स्ट्राइक कशावरून द्यायचात?"

"ग्लोव्हवरून. कॅचरचा ग्लोव्ह हलला नाही तर स्ट्राइक. चांगला आवाज आला तर स्ट्राइक." हे सांगताना त्यांचा चेहरा असा झाला की मी बघायचं टाळलं. एकतीस वर्षं त्यांनी ग्लोव्हवरून निकाल देणाऱ्या अंपायरांची टर उडवली होती. "मला वाटलं जमतंय. कुणी काही बोललं नाही."

"एल्डन वासिंगरला कोण बोलणार?"

"तू."

"मला वाटलं तुम्ही मुद्दाम करताय."

त्यांनी मान वर केली. खरोखरच चकित झाले होते. "मुद्दाम? पोराच्या बाबतीत?"

मग मी त्यांना ओबेदचं सांगितलं. कॉलेजची जागा, चौतीस स्ट्राइक, मी त्याला वाईट बॉल मारायला लावलं ते, आणि बाकावर बसवलं तेही. काही लपवलं नाही. ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "त्या पोराने माझ्याकडे एकदाही वळून बघितलं नाही. बाद दिला की बॅट उचलायचा आणि जायचा. मला वाटायचं, बघा, याला पटलंय."

उठताना त्यांनी पिकअपची किल्ली टेबलावरून माझ्याकडे सरकवली. मी काही बोललो नव्हतो. मंगळवारपासून दुसरा अंपायर शोधा असं कळवतो म्हणाले, आणि लगेच फोनवर कळवलंही. माझ्यासमोर, उभ्याने, दोन वाक्यांत.

२२ एप्रिल, सोमवार

ओबेदला संघासमोर बोलावलं. बाकावर बसवलं तेही संघासमोरच होतं. म्हटलं, "तुझं पान बरोबर होतं, माझं चुकलं. वाईट बॉल मार असं सांगितलं ही माझी चूक. तुझी माफी मागतो."

तो कानापर्यंत लाल झाला. नंतर सामान भरताना मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"प्लेटजवळ उभं राहिलं की कळतं, कोच. बॉल आला की ते आधी कॅचरकडे बघायचे."

"मग मला का नाही सांगितलंस? तुझी जागा जात होती."

त्याने बॅटींची पिशवी खांद्यावर घेतली. "ते तुमचे वडील आहेत." एवढं सांगणं पुरे आहे अशा सुरात म्हणाला, आणि खरंच पुरे होतं.

संध्याकाळी कॉलेजच्या कोचना फोन केला. घरच्या मॅचच्या पानांत चूक आहे म्हटलं. ते हसले. "प्रत्येक कोच हेच सांगतो. माझा पोरगा बरोबर, अंपायर आंधळा."

मला फोन फेकून द्यावासा वाटला.

२६ एप्रिल, शुक्रवार

त्यांचं हसणं मी बाबांना सांगितलं होतं, केवळ राग काढायला. आज शाळा सुटल्यावर बघतो तर बाबा फाटकाशी उभे. हर्शबर्गरांच्या गाडीतून आले होते, त्यांच्या उजवीकडच्या सीटवर बसून. हातात घडी घातलेला कागद.

"पानांबरोबर हे पाठव," म्हणाले.

ओळी कागदाच्या मध्यापासून सुरू होत होत्या. डावी अर्धी बाजू कोरी. मोठ्या, ठाशीव अक्षरांत:

"मार्चपासून ब्रँडलच्या मैदानावर प्लेटमागे मी होतो. डावखुऱ्या खेळाडूला बाहेरच्या कडेवर मी दिलेला एकही स्ट्राइक धरू नये. मला ती कड दिसत नाही. ओबेद मोंतेसला दिसते. तो एकदाही माझ्याशी भांडला नाही. एल्डन वासिंगर, अंपायर, एकतीस वर्षं."

शेवटच्या ओळीत 'अंपायर' वर एक काट होती, आणि मग तो शब्द पुन्हा लिहिला होता.

मी कागद नीट घडी करून पानांवर ठेवला, पाकीट बंद केलं. आम्ही दोघं पोस्टापर्यंत चालत गेलो. मी त्यांच्या डावीकडून. पायरी आली की नुसता कोपर पुढे करायचो, आणि ते न बघता धरायचे.

परत येताना मला राहवलं नाही. "बाबा, आज कायदा मोडलाच आहे तर एक विचारतो. ९८ चा तो बॉल."

"तेव्हा माझे डोळे चांगले होते."

"म्हणूनच विचारतोय."

ते थांबले, पूर्ण वळले, मी नीट दिसेपर्यंत मान फिरवली. "कडेवर होता, नील. मी बघितला. तू बॅट फिरवायला हवी होतीस." मग पुन्हा चालू लागताना म्हणाले, "त्या रात्री तुझी आई माझ्याशी बोलली नाही. पण होता."

एकवीस वर्षं मी तो बॉल बाहेर मोजला. वहीत नोंद करतो: सोडलेला बॉल एक. स्ट्राइक.